न मोजलेली झाडं

सुमनबाई देवरे. माझ्या नावापुढे पदवी लागली, महिन्याच्या महिन्याला पगार मिळू लागला, चारचौघांत उभं राहून बोलता येऊ लागलं, ते या एका नावामुळे. आईवडिलांचं ऋण आहेच. पण शेळ्यांमागे फिरणाऱ्या पोराला हाताला धरून पाटीसमोर बसवलं ते बाईंनी. त्या देवळ्याकडच्या, कांद्याच्या मुलखातल्या. बदली होऊन आमच्या पेठच्या डोंगरात आल्या. आमच्या शाळेवर आलेला मास्तर पहिल्या दिवसापासून परतीच्या बदलीच्या खटपटीला लागायचा. बाई मात्र निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या.

परवा वाघबारसेला, दिवाळीच्या तोंडावर, गावी गेलो. सिन्नरहून नाशिक आणि नाशिकहून पेठची एसटी. आमचा फाटा मला कधी बघावा लागला नव्हता. घाट चढून गाडी वळली की खिडकीतून एकदम गारवा आत यायचा, उन्हातही गाडीत अंधारून यायचं, ओल्या पानांचा आणि शेवाळाचा वास यायचा. मग पिशवी उचलून दाराशी जायचं. या वेळी मी गारव्याची वाट बघत बसून राहिलो आणि फाटा मागे गेला. पुढच्या थांब्यावर उतरून उन्हातून उलटा चालत आलो. रस्ता आता रुंद झालाय, गुळगुळीत झालाय. त्याच्या कडेने चालताना सावली लागत नाही.

तिथे वाघदेवाचं रान होतं. आम्ही नुसतं 'देवाचं रान' म्हणायचो. फार मोठं नव्हतं, पण फार जुनं होतं. हिरडा, बेहडा, ऐन, कुसुम, जांभूळ, आणि या सगळ्यांना कवेत घेऊन वर गेलेली गारंबीची वेल, माणसाच्या मांडीएवढी जाड. मधोमध शेंदूर लावलेली फळी होती. तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य. वाघाचं तोंड वाऱ्यापावसाने झिजून गेलं होतं, तरी पोरं त्याच्याकडे पाठ करून उभी राहत नसत.

उन्हाळ्यात कुसुमाला लालभडक पालवी फुटली की लांबून रान पेटल्यासारखं दिसायचं. जांभळं पडायला लागली की पहाटेपासून पाखरांचा कालवा असायचा. पावसाळ्यात रानाच्या पोटातून झरा वाहायचा. वरचा पाऊस थांबला तरी आत पुष्कळ वेळ पानांवरून थेंब गळत राहायचे. आम्ही बाहेर कोरडे उभे राहून आतला पाऊस ऐकायचो. हिवाळ्यात सकाळी तिथून धुकं निघायचं. आई म्हणायची, वाघदेव चूल पेटवतोय.

रानात जायचं ते अनवाणी. कोयता, विळा, खिशातला खिळासुद्धा कडेच्या दगडापाशी ठेवून जायचं, लोखंड आत न्यायचं नाही. आतलं काही बाहेर आणायचं नाही, वाळकी काडीसुद्धा नाही. सरपणाला बायका पलीकडच्या डोंगरावर जायच्या, ऐन वाळून पडलेला दिसला तरी. आणि आतली झाडं मोजायची नाहीत. हे कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. आमच्याकडे लेकरं मोजत नाहीत, शेळ्या मोजत नाहीत, तशीच देवाची झाडं मोजत नाहीत. मोजलं की घटतं.

बाईंना हे ठाऊक नव्हतं. त्या नव्या आल्या तेव्हा शाळेच्या ओट्यावर आम्हाला उभं करून एकेकाच्या डोक्यावर बोट ठेवत मोजू लागल्या. दारात उभ्या असलेल्या बायकांनी आपापली पोरं ओढून घरी नेली. दुसऱ्या दिवशी शाळेत कुणी आलं नाही. रानाची पूजा करणारे नवसूबाबा बाईंना भेटायला गेले. ते काय बोलले माहीत नाही, पण त्यानंतर बाईंनी आम्हाला कधी मोजलं नाही. नावं घ्यायच्या. हजेरीचा आकडा मागाहून, एकट्या बसून लिहायच्या.

पण त्या गणिताच्या बाई होत्या. अंकांची भीती असलेल्या गावात अंक शिकवायचे कसे? एका सकाळी त्या आमच्या शेळ्यांच्या कोंडवाड्याशी येऊन उभ्या राहिल्या. नदीतले गोल खडे आणि एक कापडी पिशवी बरोबर होती. मला म्हणाल्या, "मोजायचं नाही ना? मग नको मोजू. एक शेळी बाहेर गेली की एक खडा पिशवीत टाक." मी टाकत गेलो. संध्याकाळी त्या परत आल्या. आता एक शेळी आत आली की एक खडा बाहेर. शेवटची शेळी आत शिरली तेव्हा पिशवी रिकामी होती. बाई हसल्या. "बघ, सगळ्या आल्या. आणि किती, ते तुलाही माहीत नाही, मलाही माहीत नाही." आई दारातून बघत होती. तिला हे पटलं. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत जाऊ लागलो.

पुढे त्याच खड्यांवर बेरीज आली, वजाबाकी आली, भागाकार आला. शहरातल्या मुलांना गणित फळ्यावर दिसत असेल. मला अजूनही आधी तळहातावर गार गोल खड्याचं वजन जाणवतं, मग आकडा दिसतो.

एका संध्याकाळी पिशवीत एक खडा उरला. आमची काळी पाठ, अजून न व्यालेली तरणी शेळी, आली नव्हती. वडील कंदील घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. गावातले म्हणाले, वाघाने नेली. वाघदेवाचं रान म्हटलं की वाघदेवाचा वाटाही आलाच. सकाळी मी तो खडा नदीकडे भिरकावणार तेवढ्यात बाईंनी हात धरला.

"उरलेला खडा फेकायचा नसतो."

"मग काय करायचं?"

"ठेवायचा."

"कधीपर्यंत?"

"सापडेपर्यंत."

त्यांनी तो शाळेच्या खिडकीत ठेवला. काळी पाठ काही सापडली नाही. दर दिवाळीच्या सुटीआधी शाळेला चुना लागायचा. तेव्हा बाई तो खडा उचलायच्या, खिडकी रंगवून वाळली की जागेवर ठेवायच्या. मी सातवी होऊन पेठच्या वसतिगृहात निघालो त्या दिवशीही तो तिथेच होता.

पेठ, मग नाशिकचं कॉलेज. वसतिगृहाच्या पत्र्याखाली झोपताना मला आतला पाऊस आठवायचा. बाई सुटीत भेटायच्या, पुस्तकं द्यायच्या, आणि माझ्या मार्कांवर नाराज असल्या की त्यांच्या बोलीत घसरायच्या. "आसं कसं चालीन भो?" मी पदवीधर झालो तेव्हा आमच्या गावात पदवीचा कागद पहिल्यांदा आला. नवसूबाबांनी तो हातात न घेता, हात पाठीमागे बांधून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, देवाला दाखवून आण. मी तो रानात नेला. परत आणताना क्षणभर मन घाबरलं. आत नेलेलं बाहेर आणायचं असतं का, हे कुणाला विचारायचं राहून गेलं होतं.

पुढे सिन्नरला कारखान्यात नोकरी लागली. स्टोअरमध्ये. नट, बोल्ट, वायसर. दिवसभर मोजायचं. बाईंना सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या.

रस्ता रुंद होणार ही बातमी आली ती झाडांवर पांढरे पट्टे उमटल्यावर. पट्टे ओढणारे बूट घालूनच आत गेले होते. आईने फोनवर एवढंच सांगितलं, "आत बूट घेऊन गेली रे माणसं." मी रजा टाकून गावी आलो. देवळापुढे गाव जमलं होतं.

सगळं गाव एका बाजूला होतं असं मी म्हणणार नाही. भास्कर माझ्याच वर्गातला, गावातून पेठला जीप चालवतो. त्याची बायको बाळंतपणाला नेताना याच घाटात, याच खड्ड्यांत गेली. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तू सिन्नरला राहतो. तुला झाडं आठवत्यात, मला रस्ता आठवतो."  नवसूबाबा म्हणाले, "रस्ता पाहिजेच. पन पलीकडं माळ उघडा पडलाय, तिथून का नाय जात?" भास्कर खाली बघत होता. "जाऊ दे तिकडून," तो म्हणाला. "मला काय, रस्ता पाहिजे. देवाला कशाला उठवायचा."

तेवढंच मागणं होतं आमचं. रस्ता करा, पण माळावरून वळवा. नाशिकच्या कॉलेजातली काही मुलं मदतीला आली, अर्ज लिहून झाले, सह्या झाल्या, अंगठे झाले. आई आणि इतर बायका रोज पाळीपाळीने रानाच्या तोंडाशी बसू लागल्या, नागलीची भाकर आणि चटणी बांधून. त्यांची गाणी, बांगड्यांचा आवाज आणि वरून वानरांचं हुप्प हुप्प, हे सगळं मिळून जत्रेसारखं वाटायचं. कधीकधी आपण इथे कशासाठी बसलोय हे पोरं विसरूनही जायची.

मग कचेरीतून उत्तर आलं. सुनावणी होईल, पण हरकतीसोबत झाडांची संख्या जोडा. सरकारी पाहणीत त्या जागेवर झुडपं आणि तुरळक झाडं लिहिली होती. तसं नसेल तर किती आहेत ते सांगा.

 कॉलेजातली मुलं म्हणाली, एका सकाळचं काम आहे, आम्ही मोजतो. नवसूबाबा उठून उभे राहिले. "वाचवायचं म्हून मोजायचं, आन मोजलं म्हून घटायचं. मग काय वाचवलं?" मुलांना ते कळलं नाही. मला दोन्ही कळत होतं. म्हणून मी कडेला जाऊन बाईंना फोन लावला.

बाई तेव्हा देवळ्याला मुलाकडे राहत होत्या. कानाने कमी ऐकू यायला लागलं होतं. मी ओरडून ओरडून सगळं सांगितलं.  बाई म्हणाल्या, "खडे विसरला का रे तू?"

त्या दिवसासारखा दिवस मी पुन्हा पाहिला नाही. बायकांनी नदीतून टोपल्या भरून गोल खडे आणले. सगळं गाव आंघोळ करून, अनवाणी, रानात शिरलं.  एकेका झाडाच्या खोडाला हात लावायचा, कपाळ टेकवायचं, आणि त्या झाडाच्या नावाने एक खडा ओटीत टाकायचा. हात लागलेल्या झाडाला शेंदराचं बोट, म्हणजे ते पुन्हा धरलं जाऊ नये. आईचा पदर खड्यांनी लोंबत होता. लहान पोरं हिरड्याला नमस्कार करत होती, शाळेत पाहुण्यांना करतात तसा. भास्करही आला होता. तो एकाच जांभळापाशी खूप वेळ उभा होता. बाहेर आल्यावर सगळ्यांनी ओट्या पोत्यात रिकाम्या केल्या. पोत्याचं तोंड नवसूबाबांनी बांधलं. किती, ते कुणालाच माहीत नव्हतं. पोतं उचलायला दोन माणसं लागली.

बेत साधा होता. पोतं साहेबांसमोर ठेवायचं. मोजायचं त्यांनी.

भास्करने जीप काढली, भाडं घेतलं नाही. नाशिकला पोचलो तर कचेरीच्या फाटकावर शिपायाने पोत्याला काठी लावली आणि विचारलं, यात काय आहे. नवसूबाबा म्हणाले, "झाडं."

शिपायाने गाठ सोडून पाहिलं. "हे दगड आहेत."

"दगड नाय साहेब, खडे. झाडाला येक."

"मोर्चा घेऊन आलात, आणि बरोबर दगडांचं पोतं?" त्याने शिट्टी वाजवली.

आज आठवलं की हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं. पोलिसांची गाडी आली. सगळ्यांना भिंतीकडेला बसवलं. आम्ही कुणाला मारायला आलो नाही हे आईने सांगितलं, भास्करने सांगितलं, मी पदवीधराच्या मराठीत सांगितलं. पोतं इथेच ठेवा आणि तुम्ही आत जा, असं एक हवालदार समजुतीने म्हणाला. पण नवसूबाबा पोत्यावर हात ठेवून बसले ते उठेनात. रान परक्याच्या दारात एकटं कसं सोडायचं? शेवटी मला एकट्याला आत सोडलं.

साहेब वाईट नव्हते. थकलेले होते. त्यांनी अर्ज वाचला, वर पाहिलं.

"संख्या?"

"बाहेर फाटकावर आहे, साहेब."

खोलीत कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "तुम्ही शिकलेले दिसता. अंदाजे सांगा, मी लिहून घेतो."

रोज नट-बोल्ट मोजणारा माणूस मी. नजर टाकली तरी अंदाज येतो. ओठांवर एक आकडा आलाही होता. खिडकीतून फाटक दिसत होतं, भिंतीला टेकून बसलेली आई दिसत होती, तिचा रिकामा पदर दिसत होता. तो आकडा मला उच्चारवला नाही. साहेबांनी थोडी वाट पाहिली, मग कागदावर लिहिलं: संख्या सादर केलेली नाही.

यंत्रं आली तेव्हा मी तिथे नव्हतो. आई होती. तिने त्याबद्दल मला फक्त वास सांगितला. कापलेल्या हिरड्याचा कडवट, तुरट वास दिवाळीपर्यंत गावात होता, भाकरीलाही यायचा. आणि पाखरं बरेच दिवस संध्याकाळी यायची, जिथे फांद्या असायच्या तेवढ्या उंचीवर घिरट्या घालायची आणि निघून जायची. वाघदेवाची फळी नवसूबाबांनी उचलून झऱ्यापाशी नेली. घाटात आता खड्डे नाहीत. भास्करची जीप पेठला लवकर पोचते. तो पूर्वी रानापाशी हॉर्न बंद करायचा. आजही करतो.

मी बाईंना फोन करून कळवलं. त्यांना बहुतेक ऐकू आलं नव्हतं. मी दोनदा सांगितलं. मग पलीकडून हुंदका आला आणि त्या म्हणाल्या, "मन्हंच चुकनं भो. खडे कशाले सांगनू मी. चिंचोके सांगाले पाहिजे व्हतं." त्यानंतर फोन लावला की सूनबाई उचलतात. बाईंना आता काहीच ऐकू येत नाही म्हणतात. पण डोळे चांगले आहेत.

म्हणून परवा गावाहून परत आल्यावर त्यांना पत्र लिहिलं.

तीर्थस्वरूप बाईंना,

साष्टांग नमस्कार. अक्षर मोठं काढलं आहे, चष्मा नाही सापडला तरी वाचता यावं म्हणून.

बाई, तुमचं काही चुकलं नाही. चिंचोके असते तर फाटकातून आत गेले असते, हे खरं. पण चिंचोके आम्ही खाऊन टाकतो, पोरं खेळून हरवतात. खडा राहतो. तुम्हीच खिडकीत ठेवून दाखवला होता.

वाघबारसेला गेलो होतो. पोलिसांनी पोतं त्याच दिवशी परत दिलं होतं. ते आमच्या पडवीत होतं. नवसूबाबांना आता चालवत नाही. त्यांनी मला बोलावून सांगितलं, सण आलाय, कोण कोण घरी आलंय ते बघून ये. झऱ्याच्या अंगाला, जिथे यंत्राला उतरता आलं नाही, तिथे थोडी झाडं राहिली आहेत. गारंबीचा एक तुकडाही आहे, कशाला धरून वर जावं हे न कळल्यासारखा जमिनीवर पसरलेला. मी आणि भास्कर पोतं घेऊन अनवाणी तिथे गेलो. कोंडवाड्याच्या दारात करायचो तसंच केलं. उभ्या असलेल्या एकेका झाडाला हात लावला आणि एक खडा काढून झऱ्यात सोडला. आई काठावर बसून बघत होती. भास्करचं जांभळाचं झाड नव्हतं. त्या वेळी त्याने खडा काढला नाही, नुसता पोत्यात हात घालून उभा राहिला.

झाडं लवकर संपली.

पोत्यात किती खडे उरले ते मी मोजलेलं नाही. तुमची शपथ, बाई. पण जाताना पोतं उचलायला आम्ही दोघं लागलो होतो, आणि येतानाही दोघंच लागलो.

ते आता शाळेत आणून ठेवलं आहे. खिडकीत मावण्यासारखं नाही, म्हणून खिडकीखाली ठेवलं. हरवलेल्या काळ्या पाठीचा खडा अजून वर आहे. तुम्ही निवृत्त झाल्यापासून चुन्याचे थर बसून तो पांढरा झालाय. नवीन गुरुजी भले आहेत, ठेवू देतो म्हणाले. आम्ही पोतं ठेवत होतो तेव्हा पोरं जमली. त्यातल्या एका मुलीने विचारलं, हे दगड इथे कधीपर्यंत ठेवायचे?

मी तिला तुमचंच उत्तर दिलं.

तुमचा विद्यार्थी